ठिपक्याचं पाणी

मी कुकटपल्लीला मुलाकडे निघाले त्या सकाळी वसंतभाऊजी व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. चप्पल घालता घालता मी म्हटलं, "मी परत येईपर्यंत काही करून बसू नका. जायचंच असेल तर मी आल्यावर जा, मला आता धावपळ होत नाही." त्यांनी पेपरातून डोकं वर न काढता "हौ" म्हटलं. आमची चेष्टा ही अशीच. साठ वर्षं मी तोंड चालवायचं आणि त्यांनी "हौ" म्हणायचं. निदान या वेळी तरी माणसानं ऐकायला हवं होतं. दोन दिवस झाले नाहीत तोच सकाळी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरणीचा फोन आला. "अम्मा, मास्टरगारू लेवटं लेदू," ती म्हणाली. मास्तर उठत नाहीयेत. शाळेला उशीर होईल असं सांगावं, इतकं साधं वाक्य. मी तिलाच दरडावलं, अगं, जोरात हाक मार, त्यांना कमी ऐकू येतं. ती रडायला लागली तेव्हा मला कळलं...

याला आता दीड महिना झाला. पेपराच्या पुरवणीसाठी मास्तरांवर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला म्हणून लिहायला बसले आहे. पण आधीच सांगते, मी गोड लिहिणार नाही. ज्यांना गोड हवं असेल त्यांनी शोकसभेतली भाषणं आठवावीत. तिथं साखरेची पोती फोडली होती लोकांनी.

वसंतभाऊजी माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन परभणीकडून हैदराबादेत आले तेव्हा आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि भाऊजी एका मराठी शाळेत ड्रॉइंगमास्तर म्हणून नुकतेच लागले होते. चिक्कडपल्लीत आमच्या दोन खोल्या. आमच्या लोकांत चित्रं काढून पगार आणणारा हा पहिलाच, त्यामुळे सासूबाईंना त्यांचं कौतुकही होतं आणि "चित्रं काढायचा कुठं पगार देतात का?" असा संशयही. पोरगा उंच एवढा की स्वयंपाकाच्या खोलीत येताना चौकट कपाळाला लागायची. रोज लागायची, आणि रोज ते चौकटीकडे तिचीच चूक असल्यासारखे बघायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं चित्र काढलं, चुलीपुढे फुंकणी घेऊन गाल फुगवलेलं. मी फाडायला धावले. तर म्हणाले, "वहिनी, तुम्हाला राग आला की तुमचं नाक आधी पुढं येतं, मग मागून तुम्ही येता." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या दिवसापासून त्या घरात मला परकं वाटलं नाही.

शाळेतली लहान पोरं त्यांचा जीव की प्राण. त्या काळी इथल्या मराठी शाळांत चिमुकल्यांसाठी चित्रांचं पुस्तक म्हणावं असं काही नव्हतंच. पुण्यामुंबईकडून आलेली पुस्तकं मोठ्यांची. चित्र असलंच तर दात-नखं दाखवणाऱ्या राक्षसाचं नाहीतर पगडीवाल्या राजाचं. भाऊजी म्हणायचे, पोरांना अजून वाचता येत नाही, पण बघता तर येतं. बघून कळेल असं पुस्तक हवं. घरी आल्यावर ते जमिनीवर पालथे पडून चित्रं काढत बसायचे आणि मी त्यांचे पाय ओलांडून कामं करायची. त्यातून ठिपका जन्मला. काळंभोर करडू आणि कपाळावर पांढरा ठिपका. एका भिंतीच्या आत मोठा हौद असतो. आत हत्ती, उंट, घोडा, बैल असे सगळे मोठे पाणी पितात. ठिपका बाहेर असतो. त्याला तहान लागते. तो आत जातो, मोठे त्याच्याकडे बघतात, तो पोटभर पाणी पितो आणि हत्तीच्या सावलीत झोपतो. संपली गोष्ट. हत्तीनं त्याच्यावर सावली नीट पडावी म्हणून जरासं सरकून घेतलेलं, तेवढं त्या शेवटच्या चित्रात दिसायचं. मला ते चित्र इतकं आवडलं होतं की मी त्या दिवशी भाकरी करपवली.

आमच्या ह्यांनी मात्र चित्रं बघून मान खाली घातली. नंतर मला एकटीला गाठून म्हणाले, गावाकडे विहिरीवर वसंता असाच उभा राहायचा, हातात रिकामा गडवा घेऊन, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून. दुपार दुपार उभा राहायचा. भाऊजींनी स्वतः हे मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

छप्पन साल होतं ते. राज्यांची वाटणी ठरली होती. हैदराबादचे तीन तुकडे होणार, मराठवाडा मुंबईकडे जाणार, आणि आम्ही इथं राहिलेले मराठी लोक तेलुगूंच्या राज्यात जाणार. कचेऱ्यांत नुसती पळापळ. ज्यांचं वजन होतं ते आपली बदली लावून घेत होते. मराठी शाळांसाठी पूरक पुस्तकं निवडणारी एक समिती होती. वाटणी होण्याआधी जी पुस्तकं तिच्या यादीत बसतील ती इथल्याही शाळांत जातील आणि मराठवाड्यातल्याही, असं भाऊजींच्या कानावर आलं होतं. त्यानंतर कुठली फाइल कुणाकडे जाईल, कुणाला पत्ता नव्हता. म्हणजे ठिपक्याला संधी होती ती तेवढीच. समितीचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते, नाव घेत नाही, त्यांच्या घरचे तीन पिढ्या सरकारदरबारी. शेरवानी घालायचे, मराठी बोलायचे ती निम्मी उर्दूच्या नजाकतीनं. माणूस वाईट नव्हता हो. भाऊजींची नोकरी त्यांच्याच शब्दामुळे लागली होती आणि चारचौघांत ते "आमचा वसंत" म्हणायचे. त्यांनी चित्रं बघितली, वाखाणली, आणि म्हणाले, "पण वसंत, यात त्या करडानं केलं काय? पाणी काय, कुणीही पितं. त्यानं काहीतरी करून दाखवायला पाहिजे. मग मोठ्यांनी त्याला जवळ घ्यावं. तेव्हा मुलांना वाटेल की आपण लहान असलो तरी कमी नाही."

भाऊजींनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते. "तहान लागली म्हणून पाणी प्यायलं. त्यात करून काय दाखवायचंय?" मी म्हटलं. "आणि त्या हत्तीनं काय करून दाखवलं होतं म्हणे, हौदावर जायच्या आधी?" भाऊजी हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता. म्हणाले, "एकदा हे पुस्तक शाळेत जाऊ दे, वहिनी. दुसरं आपल्या मनासारखं करू." मी गप्प बसणारी नव्हते, दोन दिवस तोंडसुख घेतलं. पण अडला हरी, म्हणतात ना. त्यांनी आपली जुनी चित्रं उलटी करून त्यांच्या पाठीवर नवीन गोष्ट आखायला घेतली.

ती नवीन गोष्ट अशी. ठिपका भिंतीबाहेर उभा आहे. मोठे म्हणतात, "तुझं इथं काय काम?" मग एक दिवस हत्ती चिखलात रुततो. कुणाला काही सुचत नाही. ठिपका अंगानं लहान, म्हणून मोरीतून आत शिरतो आणि तोंडात दोरी धरून हत्तीपर्यंत पोचतो. सगळे मिळून हत्तीला ओढून काढतात. मोठे ठिपक्याला हार घालतात. शेवटच्या पानावर, सगळ्यांनी ठिपक्याला हौदावर पाणी पाजलं. प्रत्येक चित्राखाली एकच ओळ. वकीलसाहेब खूश झाले. म्हणाले, आता कशी गोष्ट झाली. खर्चाला मदत केली आणि म्हणाले, छापून बांधलेलं पुस्तकच समितीपुढे ठेव, नुसत्या कागदांना कुणी विचारत नाही.

छपाई छत्ता बाजारातल्या एका उर्दू छापखान्यात झाली. तिथं दगडावर चित्र काढून छापायचे. दगडावर सगळं उलटं रेखायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. अक्षरंसुद्धा उलटी लिहायची. भाऊजींनी ते आठवड्याभरात शिकून घेतलं. मी डबा घेऊन जायची तेव्हा तिथले बुजुर्ग लोक त्यांच्याभोवती उभे असायचे आणि करडाला बघून "क्या बात है मास्टर" म्हणायचे. पानांवर आकडे मात्र भाऊजींनी घातले नाहीत. आकडे घातले की पोरं चित्र सोडून आकडे मोजतात, हा त्यांचा हट्ट. छापलेली पानं लावून, शिवून त्यांचं पुस्तक करणारा कारागीर, त्याला तिथं दफ्तरी म्हणायचे, तो याकूबमियाँ. त्याचा जन्म उर्दू पुस्तकं बांधण्यात गेलेला. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, आपलं डावीकडून. नागरी अक्षर त्याला येत नव्हतं, आणि पानांवर आकडा नव्हता. वेष्टन एकाच बाजूनं बसण्यासारखं होतं, ते बरोबर बसलं. आतली पानं त्यानं आयुष्यभराच्या सवयीनं लावली. पहिलं पान शेवटी, शेवटचं पहिलं. सगळ्या प्रती अशाच.

बैठकीच्या आदल्या संध्याकाळी गठ्ठा घरी आला, सुतळीनं करकचून बांधलेला. डिंक ओला आहे, सकाळपर्यंत सोडू नका, असा निरोप. भाऊजींनी त्यावर पाटा ठेवला आणि आम्ही झोपलो. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर वकीलसाहेबांच्या घरी गेले. माझं तिथं काही काम नव्हतं. ती माणसं "हो" म्हणतात तेव्हा त्यांची तोंडं कशी दिसतात ते मला बघायचं होतं, बस. बाहेरच्या दिवाणखान्यात समिती बसली आणि मी आतल्या दाराशी वकिलीणबाईंजवळ. बाईंनी मला चहा दिला, जवळ बसवून घेतलं आणि फार प्रेमानं म्हणाल्या, "तुमच्यात एवढे हुशार निघाले हो दीर." तुमच्यात. मी चहा खाली ठेवला.

वकीलसाहेबांनीच पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायला घेतलं. "सगळ्यांनी ठिपक्याला हौदावर पाणी पाजलं." सुरुवात छान आहे, कुणीतरी म्हणालं. मोठे ठिपक्याला हार घालतात. सगळे हत्तीला ओढून काढतात. ठिपका दोरी घेऊन पोचतो, ठिपका मोरीतून शिरतो. हत्ती चिखलात रुततो. इथपर्यंत आल्यावर वकीलसाहेबांचा आवाज जरा बसला, पण ते वाचत राहिले. मोठे म्हणतात, "तुझं इथं काय काम?" आणि शेवटचं पान. ठिपका भिंतीबाहेर उभा आहे. पुढं पुठ्ठा. मला दाराआड पहिल्या दोन ओळींतच कळलं होतं की पानं उलटी लागली आहेत. मी पदर दातात धरून बसले होते... मग समितीतले एक जण म्हणाले, "म्हणजे काम झालं की हाकलून दिला?" वकीलसाहेबांचे कान लाल झाले. चारच दिवस आधी नागपूरची धम्मदीक्षा झाली होती, आमचे हे तिथून नुकते परतले होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. "वसंत," ते म्हणाले, "हे तू मुद्दाम केलंस? नागपूरची हवा लागली का तुला? मी तुला घरच्यासारखं मानलं."

आता सांगतील, आता सांगतील, म्हणून मी वाट बघत होते. एका वाक्याचं काम होतं. साहेब, दफ्तऱ्याची चूक झाली, उद्यापर्यंत नीट करून आणतो. भाऊजींनी पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यापासून एकेक पान उलटून बघितलं, परक्याचं पुस्तक बघावं तसं. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "मुद्दाम नाही केलं, साहेब. पण बरोबर आहे. असंच असतं." नमस्कार करून उठले आणि बाहेर आले. गठ्ठा मी उचलला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

रस्त्यात मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी दम लागला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, दोन महिने मी ती गोष्ट रंगवत होतो, एकदाही खरी वाटली नाही. आज वकीलसाहेबांच्या तोंडून ऐकली तेव्हा वाटली." मी म्हटलं, "खरी आहे तर मीठ लावून चाटा. याकूबमियाँकडे जा आणि उसवून आणा. अजून वेळ आहे." वेळ खरंच होता. यादी परवा निघायची होती. संध्याकाळी याकूबमियाँ स्वतःच घरी आला, कुणीतरी त्याला सांगितलं असणार. म्हातारा दारातच हात जोडून उभा. "मास्टरसाब, गलती हमारी है. कल दोपहर तलक उधेड को सी देतूं, तुम फिकर नक्को करो." भाऊजींनी त्याला आत बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "नक्को मियाँ, रैने देव." मग मीच कात्री घेऊन बसले. शिवण कापून पानं फिरवायची, मला काय येत नव्हतं? भाऊजींनी माझ्या हातातून कात्री काढून घेतली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातातून काही काढून घेतलं असेल तर ते तेवढंच.

पुढं यादी निघाली. तिच्यात कुणाच्या तरी मुंगीचं पुस्तक लागलं, सिंहाचा जीव वाचवणाऱ्या. वाटणी झाली. समितीतले दोघं मुंबईकडे जाऊन मोठे साहेब झाले. वकीलसाहेब इथंच राहिले आणि सभांचे अध्यक्ष होत राहिले. मराठी शाळांतली पोरं वर्षावर्षाला कमी होत गेली. आईबाप म्हणायचे, मराठी शिकून इथं करायचं काय, आणि त्यांचंही खोटं नव्हतं. भाऊजी रिटायर होईपर्यंत ड्रॉइंगमास्तरच राहिले. स्नेहसंमेलनाचे पडदे रंगवा, फलक लिहा, कुणाचा सत्कार असला की मानपत्र सुंदर अक्षरात काढून द्या. वकीलसाहेबांच्या पंचाहत्तरीचं मानपत्रही भाऊजींनीच लिहिलं, वळणदार, वेलबुट्टी काढून. मी विचारलं, हात कसा वळला? तर म्हणाले, "अक्षराचा काय गुन्हा?" लग्न केलं नाही. दुसरं पुस्तकही केलं नाही. मी कितीदा म्हटलं असेल, अहो, काढा ना, आता कुणाला विचारायचंय? एकदाच नीट उत्तर दिलं त्यांनी. "दुसऱ्यालाही हत्ती मागतील, वहिनी." आणि चित्रं काढणारा तो हात तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावांना वेलबुट्टी काढत राहिला.

मला त्यांचा राग आहे. मेल्यावरही आहे, आणि तो मी लपवणार नाही. जगात एवढी माणसं तडजोड करतात, पोटाला आणि नावाला. एक वाक्य बोलले असते तर ठिपका इथल्या आणि मराठवाड्यातल्या पोरांच्या हातात गेला असता. खोटा का होईना, गेला असता. मग दुसरं पुस्तक, तिसरं पुस्तक. भाऊजींना मात्र खरं सापडलं होतं. खरं कुरवाळत बसले. आणि खरं काय, ते आम्हाला माहीत नव्हतं का? ते दाखवायला पुस्तक कशाला हवं होतं... असं मी म्हणते, आणि मग मला विहिरीवरचा रिकामा गडवा आठवतो.

शोकसभेचं सांगते, इथल्या मराठी संस्थेनं भरवली होती. फोटोला मोठा हार. एक वक्ते म्हणाले, मास्तरांनी एका गरीब मुसलमान कारागिराची नोकरी वाचवण्यासाठी स्वतःवर आळ घेतला. टाळ्या पडल्या. साफ खोटं. याकूबमियाँची नोकरी कुणीही घेत नव्हतं, तो म्हातारा त्या छापखान्याचा बापच होता. दुसरे म्हणाले, "एका छोट्या माणसानं आपली योग्यता सिद्ध करून दाखवली." पुन्हा टाळ्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकपाशी गेले आणि म्हटलं, "आमचे भाऊजी सहा फुटांवर उंच होते. त्यांना चौकट लागायची." आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं, म्हातारीचं दुःखानं चित्त ठिकाणावर नाही.

त्यानंतर आठवड्यानं त्या संस्थेचा तरुण सचिव आमच्या विद्यानगरच्या घरी आला. सज्जन मुलगा, आयटीत आहे, स्वतः वेळ काढून मराठीसाठी धडपडतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. कुठल्याशा जुन्या कपाटात त्याला ठिपक्याची एक प्रत मिळाली होती. वाळवीनं कडा खाल्लेली, पण चित्रं शाबूत. त्यानं ती कॉम्प्युटरवर घेतली होती, रंग उजळले होते आणि पानं सुलट्या क्रमानं लावली होती. "आजी, ती बांधणीतली चूक आम्ही दुरुस्त केलीय," तो म्हणाला. पुस्तक नव्यानं छापायचं, तेलुगू आणि इंग्रजीतही, मास्तरांचा फोटो मागं, आणि सुरुवातीला दोन पानं, लहानांनीही स्वतःला सिद्ध कसं करावं यावर. फक्त घरच्यांची सही हवी होती. आता राज्याची पुन्हा वाटणी झालीय, माझ्या हयातीतली दुसरी, तेव्हा इथं मराठी माणसाचंही काही योगदान आहे हे दाखवायची हीच वेळ, असं तो म्हणाला.

मी त्याला पहिली गोष्ट सांगितली. तहान लागली, आत गेला, पाणी प्यायला, झोपला. म्हटलं, छापायची तर ही छाप. पोरगा अवघडला. "पण आजी, याची चित्रं आहेत का?" नव्हती, त्यांच्या पाठीवर नवीन गोष्ट आखली गेली आणि ते कागद छापखान्यात गेले ते गेले. "आणि खरं सांगू का, यातून वाचकाला मिळणार काय?" मी म्हटलं, पाणी. तो हसला. थोड्या वेळानं म्हणाला, मग उलट्या क्रमानं छापू या का, जसं होतं तसं? हल्ली असे प्रयोग लोकांना आवडतात. मी म्हटलं, बाळा, तो प्रयोग नव्हता. त्यांना ती भिंतीबाहेरची गोष्टही नको होती. तीही आयुष्यानं त्यांच्या गळ्यात मारली. मी सही केली नाही. तो पाया पडून गेला.

गेल्या रविवारी मुलगा नातीला घेऊन आला तो रागावूनच आला. सचिवानं त्याला फोन केला होता. "आई, काकांचं नाव तरी राहिलं असतं. तुझ्या हट्टापायी तेही गेलं," म्हणाला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. आम्ही भाऊजींच्या खोलीत बसलो होतो. त्यांच्या खिडकीपाशी मातीची सुरई असते. फ्रिजचं पाणी त्यांच्या घशाला सोसत नसे. ते गेल्यापासून रोज सकाळी मी ती धुऊन भरते, का भरते ते विचारू नका. मुलगा बोलत होता आणि मी ऐकत होते, तेवढ्यात नात गेटाबाहेर खेळता खेळता घामाघूम होऊन आत आली. सरळ सुरईपाशी गेली, दोन्ही हातांनी तिरपी केली आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. फ्रॉकवर पाणी, फरशीवर पाणी. उलट्या हातानं तोंड पुसलं आणि आली तशी निघून गेली. तिला मराठी वाचता येत नाही, ठिपका कोण ते तिला ठाऊक नाही. तिनं कुणाला विचारलं नाही, तिला कुणी काही विचारलं नाही. "आई, ऐकतेयस ना?" मुलगा म्हणाला. मी नव्हते ऐकत, मी फरशीवरचं पाणी बघत होते. भाऊजींना एवढंच दाखवायचं होतं. आयुष्य गेलं माणसाचं, एवढंसं कुणी दाखवू दिलं नाही.